खाल्लेला 'व'

ऊन पोचेपर्यंत दमून जातं अशा एका खोऱ्यात जनावरांचं राज्य होतं. राजा गवा होता. त्याला लहान काही दिसत नसे. म्हणून दरबारात कड्याएवढा पडदा लावलेला होता, आणि राज्यातली कुठलीही गोष्ट त्या पडद्यावर बरी दिसली की ती बरी आहे, असं समजलं जाई.

दरबारात शलाका नावाची एक सायाळ नोकरीला होती. अंगावरचा एखादा काटा उपटायचा आणि त्यानं लिहायचं, हे तिचं काम. राजबाजाराचं नवं संकेतस्थळ तिनंच तयार केलं होतं. पडद्यावर ते उघडलं तेव्हा अख्खा दरबार उभा राहिला. राजाही उभा होता, पण तो एरवीही बसत नसे. शलाकेला शाल मिळाली. काट्यांमुळे ती दोन जागी फाटली, पण मिळाली.

प्रधान होते हासबा तरस. त्यांनी फर्मान काढलं: 'येत्या पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत प्रत्येक दुकानदाराने संकेतस्थळावर नाव नोंदवून "मान्य" हे बटण दाबावे. जो दाबणार नाही, त्याच्या दुकानाची काळजी प्रधान स्वतः घेतील.' प्रधानांनी ज्याची काळजी घेतली, ते पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नसे.

शलाकेचे वडील, दर्भाजी, बाजारात कंदमुळं विकत. दम्याचा त्रास होता, पण दुकान एक दिवस बंद नसे. त्यांनी फोन नाकापाशी धरला, मग हात लांब करून धरला.

"शलाके, मला नुसती नाकपुडी दिसतेय गं."

"महाराजांची आहे, अण्णा. स्वागताचं चित्र आहे ते."

"असू दे की. बटण कुठंय?"

"उजवीकडे. पडद्यावर स्वच्छ दिसतं."

"पडदा दरबारात. दरबारात शिरायला परवाना लागतो. परवान्याचा अर्ज कुठंय?"

"त्याच पानावर," शलाका म्हणाली.

"म्हणजे नाकपुडीच्या पलीकडं." अण्णा हसले आणि त्यांना ढास लागली. ती ओसरल्यावर म्हणाले, "माझी गिऱ्हाइकं एका पंजात पिशवी नि एका पंजात फोन घेऊन उभी असतात. सुरण घ्यायला कुणी पाठीवर कडा टाकून येत नाही. पंजात मावेल असं कर की."

"तुम्हाला यातलं कळत नाही, अण्णा," शलाका म्हणाली. आपण केलेलं पान तिनं स्वतः फोनवर एकदाही उघडलं नव्हतं. पण तिला शाल मिळालेली होती.

तरी वडिलांच्या समाधानासाठी तिनं एक सोपा उपाय केला. नाकपुडीच्या वर थोडी जागा होती, तिथं सूचना टाकायची ठरवली: 'बटण न दिसल्यास पान उजवीकडे सरकवा.' जागा पुरेना, म्हणून 'पान' काढलं. घाई होती, म्हणून एक 'व' राहून गेला. पानावर अक्षरं उमटली: 'बटण न दिसल्यास उजवीकडे सरका.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ससे सरकले.

बटण दिसेना, म्हणून आणखी सरकले. त्यांच्या मागून भेकरं सरकली, मग मुंगसं, मग अंथरुणं-पांघरुणं डोक्यावर घेऊन पिसोरी हरणांचं कुटुंब. दुपारी एक अडचण आली. दोन घोरपडी समोरासमोर सरकत होत्या आणि दोघींचं उजवं वेगळं निघालं. भांडण दरबारात गेलं. निकाल लागला की यापुढे सर्वांनी राजाकडे तोंड करून उभं राहावं, म्हणजे उजवं एकच राहील. मग सगळ्यांना सोपं गेलं.

बाजाराच्या उजव्या अंगाला घळ होती. काही जण तिच्यात पडले. दफ्तरात नोंद झाली, 'उतरले'.

प्रधान टेकाडावर चढून म्हणाले, "बंधू-भगिनींनो! कुणी सांगितलं? कुणी सांगितलं नाही! प्रजा आपण होऊन सरकली! पूर्वीच्या राज्यात तुम्ही कधी इतके सरकला होतात का?" सगळे म्हणाले, नाही. ते खरंच होतं.

ओस पडलेल्या दुकानांची काळजी त्याच दिवसापासून घेतली जाऊ लागली.

संध्याकाळी शलाका अण्णांकडे आली. अख्ख्या आळीत ते एकटेच गादीवर बसले होते.

"'व' खाल्लास," ते म्हणाले. "लहानपणीही खायचीस. 'गवत' लिही म्हटलं की 'गत' लिहायचीस."

"तुम्ही सरकला नाहीत?"

"तुझं शुद्धलेखन मी तपासतो, पोरी. पाळत नाही." मग म्हणाले, "माझ्या फोनवर उघडून बघतेस का एकदा?"

"उद्या बघते. आधी प्रधानांना भेटून 'व' घालून घेते."

उद्या पौर्णिमा होती. त्या दिवशी शलाका सकाळपासून प्रधानांच्या गुहेबाहेर बसली. दुपारी आत बोलावणं आलं.

"एक 'व' राहिलाय, साहेब."

"'व' म्हणजे?" प्रधानांनी विचारलं.

"म्हणजे 'सरका'च्या जागी—"

"'व' म्हणजे 'आणि'. बरोबर? राजा आणि कोण? प्रधान आणि कोण?" प्रधान हसले. ते नेहमीच हसत, त्यामुळे काही कळत नसे. "या राज्यात 'व'ची गरज नाही, बाई. चाललंय ते उत्तम चाललंय."

ती दुकानात आली तेव्हा अण्णा तागडीला टेकून बसलेले होते. हाक मारल्यावर त्यांनी मान वळवली नाही. शेजारी कुणी असतं तर निरोप आला असता. शेजारी सरकले होते.

फोन त्यांच्या पंजात होता, अजून उघडा. तिनं तो हळूच सोडवून घेतला. नोंदणीचा अर्ज अर्धा भरलेला होता. एवढं सरकवत सरकवत ते तिथवर कसे पोचले, कुणास ठाऊक. दुकानाच्या नावाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'दर्भाजी व कन्या'.

त्यातला 'व' ठसठशीत होता.

सूर्य कड्याला टेकायला आला होता. शलाकेनं बटण शोधायला पान सरकवलं. मिशी आली. आणखी सरकवलं, शिंग आलं. बोट जरा घसरलं आणि पुन्हा नाकपुडी आली. आपणच ठेवलेलं बटण तिला सापडेना. "कुठल्या गाढवानं केलंय हे?" असं तिच्या तोंडून गेलं. उत्तर द्यायला तिथं कुणी नव्हतं.

मग तिनं पाठीचा एक काटा उपटला आणि तिथंच, अण्णांच्या शेजारी बसून, पान मोडलं. पानाचं मागचं दार तिलाच ठाऊक होतं. आधी महाराजांची नाकपुडी काढली. अक्षरं अण्णांना चष्म्याशिवाय दिसतील एवढी केली. रुंदी त्यांच्या पंजाएवढी ठेवली. बटण मधोमध आणलं, अंगठ्याएवढं. 'सरकवा' शुद्ध लिहिलं, मग लक्षात आलं की आता सरकवायलाच काही उरलेलं नाही, आणि ते खोडलं. कड्यावर सूर्याची कड उरली असताना तिनं उरलेला अर्ज भरून 'मान्य' दाबलं.

घळीच्या काठावर सशांनी फोन पाहिले. बटण पंजातच होतं. त्यांनी ते दाबलं, आणि अंथरुणं गुंडाळून एकेक जण घरी परतला.

प्रधानांना राग येईल असं तिला वाटलं होतं. प्रधान हसले. त्यांनी 'भ्रमणध्वनिस्नेही राज्य' अशी घोषणा केली, स्नेहमेळावा भरवला, फोनांना गुलाबाची फुलं दिली. हे सगळं आपल्याला आधीच सुचलं होतं, असंही सांगितलं.

शलाकेनं नोकरी सोडली. आता ती दुकानात बसते. वर पाटी आहे, 'दर्भाजी व कन्या'. गिऱ्हाइकं एका पंजात पिशवी नि एका पंजात फोन घेऊन उभी असतात, आणि सुरण तोलताना ती त्यांच्या अंगठ्यांकडे बघते. तिनं केलेल्या त्या पंजाएवढ्या पानावर आता प्रधानांचं रोज एक फर्मान येतं. शुद्धलेखन निर्दोष असतं, 'व' जागच्या जागी असतो. सरकण्यासाठी आता कुणाला घरदार सोडून उठावं लागत नाही. बसल्या जागी, नुसत्या अंगठ्यानं, सगळं राज्य उजवीकडे सरकतंय.