सगळ्यांत हळू चालणारा

“…वर्ष होत आलं तरी तिचं रडं थांबत नाही. आता तुम्हीच तिला चार शब्द सांगा, बुवा. माझं तर सांगून झालं.”

गिरीबुवा चुलीत काटक्या सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय सांगून झालं?”

“हेच, देह नाशवंत आहे. आलेला जाणारच. तुम्ही आम्हाला शिकवलंत तेच,” अच्युतराव म्हणाले.

“मी शिकवलं होय…” बुवा म्हणाले आणि धुरानं खोकले.

घळीच्या मध्यावर, कड्याच्या पोटाशी बुवांची झोपडी होती. खाली ओढा, दोन्ही अंगांना हिरड्या-जांभळीचं दाट रान. अच्युतराव टिपणीस दर मार्गशीर्षात बायको कुंदाबाई आणि मुलांना घेऊन ही घळ चढत, बुवांच्या पाया पडत, वरच्या कुंडावर जेवत आणि उन्हं कलायच्या आत परत फिरत. मुलं कडेवर होती तेव्हापासूनचा हा रिवाज. यंदा धाकटा नव्हता. दहा वर्षांचा मिहिर गेल्या पौषात तापाचं निमित्त होऊन गेला.

अच्युतरावांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भेटायला येणाऱ्यांना उलट तेच धीर देत. लोक म्हणाले, बुवांचा शिष्य शोभतो खरा. ते त्यांच्या कानावर आलं आणि त्यांना आवडलं. मला विचाराल तर घात तिथंच झाला.

“कुंदाबाई कुठं आहेत?” बुवांनी विचारलं.

“येतेय मागून. रेवती आहे सोबत. दर वळणाला बसते हो कुंदा. म्हटलं, तुम्ही या सावकाश, मी पुढे होतो.”

बऱ्याच वेळानं मायलेकी आल्या. रेवती कॉलेजात जाणारी. आईची पिशवीही तिच्याच खांद्यावर होती. कुंदाबाईंनी वाकून नमस्कार केला.

“बाई, हा म्हणतो, तुम्हाला चार शब्द सांगा.”

“नका सांगू, बुवा.” त्यांचा आवाज अगदी शांत होता. “ज्याचं जळतं त्याला कळतं. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी हे ऑफिसात गेले. अधू पोर, सुटलो एकदाचे, असंच वाटलं असेल यांना. आज तुमच्या पाया पडायला म्हणून आले. उद्या निपाणीला भावाकडे जातेय. परत यायचं मनात नाही.”

अच्युतराव बुवांकडे वळले.

“पाहिलंत? मोह…”

बुवांनी हातातली काटकी खाली ठेवली.

“अच्युता, वाटेनं चालायचा तुमचा काहीतरी नियम होता ना रे? मला मागं सांगितला होतास.”

अच्युतरावांचा चेहरा उजळला. नियम त्यांनीच घातलेला होता.

“हो. सगळ्यांत हळू चालणारा पुढे. बाकीच्यांनी त्याच्या पावलानं चालायचं. कुणी मागे राहत नाही.”

“पुढं कोण असायचं?”

“मिहिर. त्याचा पाय…”

“आणि तू?”

“शेवटी.”

“आज पुढं कोण होतं?”



“बाबा होते,” रेवती म्हणाली.

बुवांनी चुलीवर पाणी शिंपडलं आणि काठी घेतली.

“चला. बाई पुढं, मग पोरगी, मग मी. तू आपल्या जागी.”

“अहो, पण तिला काही सांगा तरी…”

“चल.”

कुंदाबाई फारच हळू चालत होत्या. मध्येच एखाद्या झाडाला हात लावून उभ्या राहत, मग पुन्हा निघत. त्यांच्यामागे सगळे थांबत, सगळे निघत. अच्युतराव प्रथम खाकरत होते. उन्हं कलतील, असं म्हणूनही पाहिलं. कुणी वळून पाहिलं नाही, तेव्हा त्यांनीही पाऊल आवरतं घेतलं. रानात पावलांचा तेवढा आवाज होता.

पुढे ओढा वाटेला आडवा येतो. पाणी गुडघाभर, खालचे दगड शेवाळलेले. कुंदाबाई काठावर थांबल्या, तशी सगळी रांग थांबली.

मग अच्युतराव शेवटून पुढे आले. बुवांना ओलांडून, रेवतीला ओलांडून ते काठाशी गेले. बूट काढले, पँट वर दुमडली. पाण्याकडे तोंड करून उकिडवे बसले आणि दोन्ही हात मागे धरले.

मिहिरला पाठुंगळीला घेऊन इथून पलीकडे नेणं हे त्यांचं काम होतं. दर वर्षी तेच नेत.

“चल रे,” ते म्हणाले.

पाठीवर कुणी आलं नाही.

रेवतीनं तोंडावर हात दाबला. अच्युतराव तसेच बसून होते, हात मागे. मग ते हात हळूहळू खाली आले आणि त्यांचे खांदे हलू लागले. आधी आवाज नव्हता. नंतर आला तो ऐकवत नव्हता. उठायला गेले आणि पुढ्यातल्या पाण्यात ते गुडघ्यांवर कोसळले.

कुंदाबाई बराच वेळ जागच्या हलल्या नाहीत. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या माणसाला रडताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. मग लुगडं भिजतंय याची पर्वा न करता त्या पाण्यात उतरल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

“मला वाटलं, तुम्हाला काहीच…”



“बुवा,” कितीतरी वेळानं अच्युतराव म्हणाले, “सगळं शिकणं वाया गेलं. तुमचा शिष्य म्हणवून घ्यायला तोंड राहिलं नाही मला.”

बुवा ओंजळीनं पाणी पीत होते. 

“आता काय करायचं, बुवा?” कुंदाबाईंनी विचारलं. “यांना घेऊन मागे फिरू का?”

बुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं. पाण्यात बसलेल्या शिष्याकडे एकवार पाहिलं.

“वर जायचं, बाई. याला पुढं घाला.”