पाण्याला काव लावली

राजाचं पाणी चोरीला गेलं!

आषाढात डोंगरावरचं नवं तळं काठोकाठ भरलं होतं. दसऱ्याला त्यात गुडघाभर पाणी उरलं, तेही सलग दुसऱ्या वर्षी. राजा रणधवल संतापले. त्यांनी तळ्याभोवती चाळीस भालेकरी उभे केले. भालेकऱ्यांनी पाण्यावर डोळे वटारले, पण पाणी काही घाबरलं नाही. रोज बोटभर उतरतच राहिलं.

"महाराज, हे काम करवंदवाडीकरांचंच!" दिवाण त्रिंबकपंत म्हणाले. "शेळ्या घेऊन डोंगरभर हिंडतात. वाडी उठवा, चोरी थांबेल. आपल्या पुण्याईनं महालातला हौद मात्र दोन वर्षं आटलेला नाही! पूर्वी दसऱ्यालाच कोरडा पडायचा."

राजाला पुण्याईची गोष्ट पटली. त्यांनी दवंडी पिटवली: आठ दिवसांत चोर मुद्देमालासह दरबारात हजर करा, नाहीतर वाडी रिकामी करा!

वाडीत रडारड सुरू झाली. शेळ्या राखणारी धुरपा तेवढी रडत नव्हती. तळ्याची जागा कशी ठरली ते तिला ठाऊक होतं. तो दरबार महालात भरला होता. ज्योतिषी होते, राजवैद्य होते, राजकवी होते. डोंगर पाहिलेला एकही नव्हता, म्हणून मतभेद झाले नाहीत. पुढे खोदाई सुरू झाली तेव्हा धुरपा दिवाणांना म्हणाली होती, "दिवाणजी, इथं नको. इथं पाणी ठरत नाही."

"तुला कुणी विचारलं?" दिवाण म्हणाले होते.

कुणी विचारलं नव्हतं हे खरंच होतं. ती शेळ्या घेऊन निघून गेली होती.

आता ती सरळ दरबारात गेली.

"महाराज, चोर मी धरते. पण शिक्षा मी सांगणार."

"तू?" दिवाण हसले. "चाळीस भालेकऱ्यांना जमलं नाही ते?"

"ते भाले घेऊन उभे आहेत, दिवाणजी. पाण्याला भाला टोचत नाही."

राजाला गंमत वाटली. "बरं, सांग तू शिक्षा."

"चोर कितीही मोठा असला तरी?"

"माझा सख्खा भाऊ असला तरी! शब्द दिला!"

धुरपा घरी आली. पाटीभर भाताचं तूस घेतलं, तेलात कालवलेली काव त्याला चोळली आणि ते लालभडक केलं. सातव्या दिवशी सकाळी पाटी डोक्यावर घेऊन ती तळ्यावर पोचली.

"ए बाई, काय आहे पाटीत?" भालेकऱ्यानं अडवलं.

"चोरासाठी खाऊ."

"चोर इथं कुठं आहे?"

"इथं नाही म्हणूनच तुम्हाला सापडत नाही, दादा."

तिनं लुगडं खोचलं, पाण्यात उतरली आणि काठाशी असलेल्या खेकड्यांच्या बिळांत मुठीमुठीनं तूस सोडलं. पाण्यानं ते घटाघटा आत ओढून घेतलं. भालेकऱ्यांनी इमानेइतबारे पहारा दिला.

आठव्या दिवशी दरबार भरला. राजा हौदातली अंघोळ उरकून थाटात आले आणि सगळा दरबार खाली बघू लागला. महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र मिशीत काहीतरी लाल लाल चिकटलं होतं.

"वा!" दिवाण पुढं झाले. "आज महाराजांच्या मिशीत जणू माणकं जडली आहेत!"

धुरपाला हसू आवरेना.

"हसतेस काय?" राजा गरजले. "चोर कुठं आहे?"

"हजर आहे, महाराज. आत्ताच अंघोळ करून आलाय."

दिवाण ओरडले, "धरा हिला!"

"आधी मिशी चाचपा, महाराज. मग मला धरा."

राजानं मिशीला हात लावला. बोटांना लाल तूस लागलं.

"हा मुद्देमाल," धुरपा म्हणाली. "आम्ही शेळीच्या पाठीला काव लावतो. चोरीला गेली तरी कुठल्याही गोठ्यात ओळखू येते. यंदा पाण्याला लावली. काल सकाळी हे तूस तळ्यात सोडलं, आज तुमच्या हौदात निघालं."

"तळं डोंगरावर, हौद पायथ्याला. आलं कसं?"

"तळ्याखाली जांभा दगड आहे, आतून पोकळ. त्यात खेकड्यांनी बिळं केलीत. पाणी आतल्या वाटेनं तुमच्या झऱ्याला मिळतं आणि हौदात येतं. दोन वर्षं चोरीच्या पाण्यात तुम्ही डुंबताय, आणि दिवाणजी त्याला पुण्याई म्हणतात!"

राजानं दिवाणांकडं पाहिलं. दिवाण पायाखालची फरशी निरखत होते.

"शब्द दिलाय," राजा कष्टानं म्हणाले. "सांग शिक्षा."

"चोरानं अनवाणी डोंगर चढायचा. जागा ठरवायचा दरबार तिथं, आमच्यात भरायचा. शेळ्या राखणारे, नाचणी पेरणारे, खेकडे धरणारे, सगळे बसतील. ते दाखवतील तिथंच नवं तळं. आणि डोंगरावरची चराई कायम वाडीची!"

"मान्य! वर तुला वीस शेळ्या बक्षीस!" राजा म्हणाले. मग त्यांना आणखी एक सुचलं. "आणि या दिवाणाला वर्षभर तुझ्या शेळ्या राखायला पाठवतो. डोंगर तरी कळेल!"

धुरपानं घाईनं हात जोडले.

"नको, महाराज! शेळ्यांनी काय गुन्हा केलाय?"

राजा इतके खदखदून हसले की मिशीतलं उरलंसुरलं तूस दिवाणांच्या पगडीवर जाऊन पडलं.