लाल गाडीचा ताठ पंख

मोटारींनी बोलणं सोडलं होतं, पण त्यांचे सुटे भाग अजून भांडत होते, त्या काळातली ही गोष्ट.

शर्यतीच्या एका लाल गाडीच्या डिकीवर एक पंख बसवला होता. वाऱ्याचा भार घ्यायचा आणि मागची चाकं रस्त्याला दाबून धरायची, हे त्याचं काम. तरी वळणावर गाडी घसरायचीच. मालकीण मेहरू वैतागून म्हणाली, "आता घसरली, तर हा पंख भंगारात!"

पंखाची घाबरगुंडी उडाली. त्याने जरा सैल व्हा म्हणून बोल्टांच्या विनवण्या केल्या आणि छाती काढून ताठ उभा राहिला. गाडी मंदावली, आणि वळणावर भिंतीला घासता घासता वाचली.

"एवढा राबतोय, तरी तू येत का नाहीस?" तो वाऱ्यावर खेकसला.

"येऊ कुठून? तू टपाच्या आडोशाला बसलायस. टप मला तुझ्या डोक्यावरून धाडतो. आलोच चुकून, तर तुझ्या त्या छातीवर आपटतो."

वारा पंखापर्यंत पोचतो का ते पाहायला मेहरूने त्यावर लोकरीचे धागे चिकटवून एक फेरी मारली. धागे मरगळून लोंबत राहिले. तिने पंख भंगारात टाकला नाही. त्याला उंच पाय लावले आणि जवळजवळ आडवा निजवला.

'असं लोळून कसलं काम होणार?' पंख मनात म्हणाला. वळण आलं. धागे सरळ मागे ताणले गेले आणि गाडी रस्त्याला चिकटून निघाली.

खालून चाकं ओरडली, "अरे, मानेवर कोण बसलंय? जीव चेपला की!"

"मी नाही बुवा," पंख म्हणाला, "मी तर नुसता पडलोय."