नाईकाचं शिंग

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे दुष्काळासाठी राखलेल्या धान्याचं एक कोठार होतं आणि कोठाराच्या पहाऱ्यावर एक नाईक होता.

नाईक मोठा शिस्तीचा. आग लागली तर काय करायचं, हे त्याने पहारेकऱ्यांकडून घोटून घेतलं होतं. त्याच्या कमरेचं शिंग वाजलं की दाराचा अडसर काढायचा आणि पाण्याच्या घागरी घेऊन धावायचं. शिंग वाजलं नाही, तर जागचं हलायचंसुद्धा नाही.

एकदा त्याने परीक्षा घेतली. कोठारात शिरून आतून "आग, आग" असा ओरडा केला. बाकीचे ढिम्म उभे राहिले, एकाने मात्र घाबरून अडसर काढला. नाईकाने त्याला दिवसभर उन्हात उभं केलं. "शिंग वाजवायला तुम्हीच नसलात तर?" असं त्या पहारेकऱ्याने विचारलं, तेव्हा सगळे हसले. नाईकही हसला. आपण नसू, ही कल्पनाच त्याला गमतीची वाटली.

पुढे एका दुपारी नाईक पोती तपासायला आत गेला. नेमाप्रमाणे बाहेरून अडसर पडला. उंदरांच्या पळापळीत त्याने खाली ठेवलेला दिवा कलंडला आणि पोत्यांनी पेट घेतला. नाईकाने शिंग ओठांना लावलं, पण छातीत धूर भरलेला. खोकल्यामुळे शिंगात फुंकर टिकेना. तो दारावर मुठी आपटू लागला, खोकत खोकत ओरडू लागला. दार इतकं घट्ट बसलेलं, की फटीतून धूरही बाहेर जाईना.

"नाईक परीक्षा घेतायत," बाहेर कुणीतरी म्हणालं. "हलू नका कुणी."

आपण शिकवलेलं हे लोक किती चोख शिकले आहेत, ते नाईकाला आत ऐकू आलं. तो भयंकर घाबरला.

मग दुसरा आवाज आला. "मला उद्या पुन्हा उन्हात उभं करतील. करू देत. त्यासाठी तरी ते जगायला हवेत."

आणि अडसर निघाला.

नाईक वाचला. अर्धं कोठार मात्र जळालं आणि पुढच्या दुष्काळात राज्यातल्या कितीतरी चुली थंड राहिल्या. ते दुःख नाईकाला जन्मभर पुरलं.

तेव्हापासून शिंग दाराबाहेर खुंटीवर असे, कुणाच्याही हाताला येईल असं. आणि सराव असला, की नाईक आधी जमिनीवर आडवा होई, डोळे मिटून घेई आणि म्हणे, "मी नाही असं समजा. करा सुरू."

लहानथोरांनो, एकाच माणसावाचून जिचं पान हलत नाही, ती तयारी ऐन संकटात कामाला येत नाही.