खुरप्याचा दांडा

अवजारं आणि बियाणं आपसांत बोलायची, त्या काळची ही गोष्ट. यमुनाकाकूंचा जन्म चुलीपुढे गेला होता. परसात त्यांनी पहिल्यांदाच घेवडा लावला, पण हाताला सवय स्वयंपाकाची! भात शिजला का हे शीत चेपून बघावं, तसं त्या रोज सकाळी खुरप्याने माती उकरायच्या, बी चिमटीत धरून चेपायच्या आणि "अजून कच्चंच आहे गं बाई," म्हणत परत पुरायच्या.

एकदा बी कळवळून म्हणालं, "खुरपेदादा, कालच कुठे मूळ फुटलं होतं. आज पुन्हा वर काढलंस. आता त्राण नाही रे उरलं."

खुरप्याच्या जिवाला लागलं. पण काकूंवरही त्याची माया होती. अडगळीतून काढून त्यांनीच त्याला राखेने घासून लखलखीत केलं होतं. त्यांना आपली भाषा कळत नाही, मग सांगणार कसं?

दुसऱ्या सकाळी काकूंनी उकरायला हात घातला आणि खुरप्याने अंग सैल सोडलं. पातं मातीत, दांडा काकूंच्या मुठीत!

"मेलं, आजच मोडायचं होतं का याला!" म्हणत काकूंनी ते सुताराकडे दिलं. सुतारच तो, आज देतो, उद्या देतो करत राहिला.

नवा दांडा बसवून खुरपं घरी आलं, तेव्हा घेवडा दोन पानं पसरून उभा होता. काकू हरखल्या. खुरपं पदराने पुसत ठसक्यात म्हणाल्या, "बघितलंस? तू नव्हतंस, तरी माझं काही अडलं नाही!"

खुरप्याने नवा दांडा मात्र घट्ट धरून ठेवला.