दोराचा दिवस

एका गावाच्या डोक्यावर उंच कडा होता आणि त्या कड्याला आग्या माशांची पोळी लोंबत असायची. गावात मध काढणारं घर एकच. त्या घरची मुलगी सोनकी. तिची जिवाभावाची मैत्रीण अंबू, शिंप्याची.

सोनकीच्या घरची एक रीत होती. ज्या दिवशी तिचे वडील, आबा, मध काढायला दोरावरून कड्याखाली उतरत, त्या दिवशी ते परत येईपर्यंत घरातल्या कुणीही तोंडातून शब्द काढायचा नाही. चुलीपाशी आई गप्प, शाळेत सोनकी गप्प. कशासाठी, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मोठी माणसं पुष्कळदा सांगायचं विसरतात आणि वर मुलांनी ऐकावं म्हणतात.

शाळेची रीत वेगळी. गुरुजी नाव पुकारत आणि ज्याचं त्याने ‘हजर’ म्हणायचं. न म्हणेल तो ओट्यावर उभा. पहिल्या वेळी अंबू उठून म्हणाली, “गुरुजी, आज तिच्याकडे दोराचा दिवस आहे. ती बोलणार नाही.”

“घरचं घरी,” गुरुजी म्हणाले. “देवाने तोंड दिलंय ना?”

सोनकी मुकाट्याने ओट्यावर जाऊन उभी राहिली. गुरुजी वाईट नव्हते हो. पण त्यांनी एकदाही विचारलं नाही, की बाई गं, हा दोराचा दिवस म्हणजे काय.

मग काय, मुलींना आयतंच सापडलं. “मिठाची गुळणी धरलीय बघा,” एक म्हणायची. “शिष्ट मेली,” दुसरी म्हणायची. सागरगोट्यांच्या डावात सोनकीला घेईनात. अंबू तिच्याशेजारी बसे, म्हणून अंबूलाही घेईनात.

अंबूने महिनाभर सोसलं. एकटं पडणं मोठ्यांनाही जड जातं, ती तर नऊ वर्षांची.

असाच एक दोराचा दिवस होता. मधल्या सुट्टीत त्या मुली अंबूला म्हणाल्या, “तिला एक शब्द बोलायला लाव. मग तू आमच्यात.”

अंबू सोनकीजवळ गेली. आधी गुदगुल्या केल्या, मग चिमटा काढला. सोनकी हसली, पण ओठ मिटलेलेच. मागे मुली खिदळत होत्या. तेव्हा अंबूच्या तोंडून निघून गेलं, “सोनके, तुझे आबा पडले गं.”

तिला वाटलं, ही ‘कधी?’ म्हणेल आणि काम फत्ते. सोनकी काहीच बोलली नाही. ती उठली आणि कड्याच्या वाटेने धावत सुटली.

‘खोटं आहे, थांब,’ एवढंच अंबूने ओरडायचं होतं. पण मुलींनी तिला गराडा घातला होता. कुणी पाठ थोपटत होती, कुणी तिच्या हातावर सागरगोटे ठेवत होती. किती दिवसांनी तिला कुणी आपली म्हटलं होतं. ती ओरडली नाही. मला या पोरीचा राग येतो आणि कीवही येते.

कड्याच्या माथ्यावर सोनकीचा मामा होता. दोर नेहमी मामानेच धरायचा. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो भाऊ हलगर्जी करत नाही. दोराचे वेढे झाडाला आणि टोक मामाच्या मुठीत. खालून आबांचा आवाज येईल तसा तो दोर थोडा थोडा सैल सोडायचा. त्याचा सगळा जीव कानात. म्हणून तर घरच्यांनी त्या दिवशी तोंड उघडायचं नाही. परक्याच्या ओरडण्याने तो वळला नसता. माणूस वळतो तो घरच्या हाकेने.

सोनकीला मामा दिसला, आबा दिसले नाहीत. ते कड्याखाली होते, दिसणार कसे? तिने जिवाच्या आकांताने हाक मारली, “आबा!”

मामा दचकून वळला आणि दोर त्याच्या मुठीतून सरसर निसटला. त्याने पुन्हा धरला, तळहात सोलवटले, पण तोवर दोर हलका झाला होता. आबा खालच्या दगडांवर पडले ते पुन्हा उठले नाहीत.

तेरावं झाल्यावर सोनकी शाळेत आली. गुरुजींनी नाव पुकारलं. उत्तर नाही. या वेळी त्यांनी तिला ओट्यावर पाठवलं नाही. खाली मान घालून पुढचं नाव घेतलं. आता त्या घरात दोराचा दिवस उरला नव्हता, गप्प राहायचं काही कारण नव्हतं. तरी सोनकी बोलेना. आपल्या हाकेने आबा गेले, एवढंच तिला ठाऊक होतं.

अंबू रडत तिच्याजवळ गेली. “मी खोटं बोलले होते गं. तुझी काही चूक नाही.”

सोनकीने सगळं ऐकून घेतलं. मग पाटी उचलली आणि ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. बाहेर मुली डाव मांडून अंबूला हाका मारत होत्या. अंबू गेली नाही.

पुढे दोघी त्याच गावात म्हाताऱ्या झाल्या. सोनकी पुन्हा कधी बोलली नाही. तिचा आवाज कसा होता, हे शेवटी अंबूलाच तेवढं आठवत होतं.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: दुसऱ्याच्या घरची रीत कळली नाही तर हसू नये, विचारावं. आणि मैत्रिणीसाठी एक वाक्य बोलायची वेळ येते, तेव्हा ते तिथल्या तिथे बोलावं. नंतर बोललेलं तिच्या कामाचं नसतं.