वाढलं

“मग माझ्या हातून राहिलं काय, बुवा?”

विश्राम भाटकरने पुन्हा विचारलं. साबाजीबुवा चुलीतली लाकडं मागे ओढत होते. दुपार टळत आली होती. कारिवण्याच्या टेकडीवरचा मठ, खाली समुद्र.

विश्रामची खानावळ त्या समुद्राला लागूनच होती. पदवी घेऊनही तो गाव सोडून गेला नाही. रांधायला शिकला तो या मठाच्या चुलीपाशी, म्हणून बुवा त्याचे गुरू.

दुसऱ्या दिवशी खानावळीच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. बुवांना बोलवायला तो आला होता; बुवा अजून हो म्हणाले नव्हते. गावातले रापणकरी अडून बसले होते: बुवा येणार असतील तरच आम्ही येऊ. किनाऱ्यावर उभं राहून रापणीचं जाळं ओढणारी ही माणसं. त्यांच्याच मासळीवर खानावळ उभी राहिली होती. ते आले नाहीत, तर गावानेच पाठ फिरवली असा त्याचा अर्थ होता, आणि तो विश्रामला कळत होता.

आपण काय काय केलं ते त्याने सांगून टाकलं होतं. खानावळीत प्लास्टिकचा कपटा नाही. ताटल्या पोफळीच्या विरीच्या, झावळीच्या रुंद देठाच्या. मासळीची घाण माडांच्या मुळाशी, भांड्यांचं पाणी केळींना. शहाळ्यातली नळीसुद्धा पपईच्या देठाची.

“आम्ही त्याच्या पिपाण्या करायचो,” बुवा म्हणाले. “आता पाहुणे त्यातून पाणी पितात. बरं आहे.”

विश्राम हसला नाही. या सगळ्यासाठी त्याला शहरात बोलावून सन्मानचिन्ह दिलं होतं. पर्यावरणावर भाषणं झाली होती. भाषणं करणाऱ्यांपैकी एकानेही त्याच्या स्वयंपाकघराचं मागचं दार पाहिलं नव्हतं. पाहायची त्यांना गरजही वाटली नव्हती.

“रापण रिकामी येते, त्या दिवशी काय करतोस?”

“बर्फातली मागवतो.”

“कुठली?”

“आता ते कोण विचारतं, बुवा...”

खरंच कोणी विचारत नाही. बर्फातल्या मासळीला गाव नसतं. ती कुठल्या बोटींनी धरली, भर समुद्रात दिवे पेटवून पिल्लांसकट उपसली का, हे टेम्पोवाला सांगत नाही आणि खानावळवाला विचारत नाही. त्याच बोटी कारिवण्यासमोरचं पाणी खरवडून जातात. मग रापण रिकामी येते. रापण रिकामी आली, की टेम्पो येतो. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

बुवा म्हणाले, त्या दिवशी मासळी नाही म्हणून सांगावं.

विश्राम ताठ झाला, आवाज चढला. त्याच्या खानावळीत ‘संपलं’ हा शब्द काढायचा नाही, असा दंडक होता. दंडक त्याच्या आईचा. घरातले तांदूळ संपले, तरी ती ‘वाढले’ म्हणायची. सगळीच घरं म्हणतात. विश्रामने वाढप्यांनाही तेच शिकवलं होतं.

“आणि मी नुसतं म्हणत नाही, बुवा. वाढायला ठेवतोच. आलेल्या माणसाने मागितलं आणि माझ्याकडे नाही, असं आजवर झालेलं नाही.”

यात अभिमान होता. तो खोटा नव्हता, हीच पंचाईत होती.

“तांदूळ वाढले म्हटल्यावर आई काय करायची?”

“काय करणार? पेज पातळ करायची...”

तो थांबला.

बुवांनी वाडगा घेतला, चुलीवरची पेज त्याला वाढली, बाजूला लोणच्याची फोड ठेवली. विश्राम जेवला. टेकडी चढून आल्यामुळे भूक लागली होती. त्याने पुन्हा मागितली, बुवांनी पुन्हा घातली. मग त्याने वाडगा आणखी एकदा पुढे केला.

बुवांनी मडकं उचललं आणि त्याच्यासमोर जमिनीवर उपडं घातलं. थेंबही पडला नाही.

विश्राम दचकला. पेजेचं मडकं असं उपडं घालू नये, हे त्याला बुवांनीच शिकवलं होतं. ते सरळ करायला त्याने हात पुढे केला.

बुवांनी मनगट धरलं.

“काय झालं, सांग.”

“पेज... वाढली, बुवा.”

“वाढली ना? मग मला घाल.”

तेव्हा विश्रामच्या ध्यानात आलं. बुवा अजून जेवले नव्हते.

तो मडक्याकडे बघत राहिला. ओठ हलले. ‘संपली’ हा शब्द तोंडापर्यंत आला आणि तिथेच राहिला...

खाली खानावळीच्या मागच्या दाराशी टेम्पो लागला होता. माणसं पेट्या उतरवत होती. पलीकडे वाळूवर रापणकरी जाळं झटकत होते. त्यातून नुसतं शेवाळ पडत होतं.

“लोक जेवणाच्या आशेने येतात, बुवा. त्यांना कसं सांगू?”

“मला सांग आधी.”



बुवांनी मनगट सोडलं. विश्राम उठला, वाडगा विसळून ठेवला, दारापर्यंत गेला. तिथून वळला. आता आवाज चढलेला नव्हता.

“उद्या याल ना? नारळ तुमच्याच हातून वाढवायचा आहे.”

बुवा विझल्या चुलीपाशी उपाशी बसले होते.

“फोडायला बोलाव,” ते म्हणाले. “येतो.”